पहिल्या हाकेला ओ

पुणे,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय काकी,

काल दुपारी खोलीवर पोहोचले. फोन कर म्हणाली होतीस, पण घरचा फोन आपल्या ओंकारच्या हातात असतो, तो स्पीकर लावतो, ओटीवरची सगळी माणसं ऐकत बसतात आणि तू नुसतं "बरंय" म्हणतेस. त्या "बरंय"मधून मला काहीच कळत नाही. म्हणून पत्र लिहिते. पाटीवर पहिलं अक्षर तूच गिरवून घेतलं होतंस माझ्याकडून. टपाल पोचायला चार-पाच दिवस लागले तर लागू देत.

इथे सगळं जिथल्या तिथे आहे, आणि तेच मला सहन होत नाही. गडावर वाट चुकलेल्या पाच जणांना आणायला तात्या धुक्यात वर गेले; ते पाच जण दुसऱ्या वाटेने उतरले, गाडीत बसले आणि कुणाला न सांगता निघून गेले. तात्या त्यांना शोधत राहिले असतील. गावाने गडाची पुढची बाजू, पायऱ्या, टाकी, गुहा सगळं पालथं घातलं, लोणावळ्याची शोधपथकाची मुलं दोर घेऊन आली, आणि पावसाने सगळ्यांना खाली पाठवलं. मीही त्यांच्यात होते. रिकाम्या हाताने परत आले.

निघताना तू विचारलंस, मी कामाला जाऊन नेमकं काय करते. एस.टी. आली आणि सांगायचं राहिलं. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात ते किरण आभाळातूनही येत असतात, पण हवा ते गिळून टाकते, जमिनीपर्यंत एकही पोचत नाही. म्हणून दुर्बीण आकाशात, हवेच्याही वर सोडावी लागते. आम्हाला माहिती मिळते त्या दुर्बिणीचा डोळा झिंग्याच्या डोळ्यासारखा बनवला आहे. पवनेच्या पाण्यात आपण टोपलीने झिंगे धरायचो ना, त्यांच्या डोळ्यात बारीक चौकोनी नळ्या असतात, त्यामुळे त्यांना एकदम चहूकडचं दिसतं. तशी ही दुर्बीण आभाळाचा मोठा तुकडा एकदम बघते. दूर कुठे एखादा तारा फुटला की त्या किरणांचा लखलखाट होतो, काही मिनिटांचा, आणि विझतो. दुर्बिणीने पाठवलेल्या ठिणग्यांमधून खरी कोणती आणि खोटी कोणती हे निवडणाऱ्या चार जणांमध्ये मी एक. अजून कच्ची आहे. तेजल मॅडम शिकवतात.

जेवत जा. तात्यांचा पत्ता नसताना तू कुंकू लावतेस म्हणून बायका काय कुजबुजतात ते मी ऐकलं आहे. तू तुला वाटेल तेच कर.

तुझी अपेक्षा


तिकोणा पेठ,
१० ऑगस्ट

पोरी अपेक्षा,

तुझं पत्र मी गोठ्यात बसून वाचलं. ओंकार मागत व्हता, दिलं न्हाई.

एक गोष्ट घडलीया. वरच्या वाडीची सारजाबाई परवा आली. दारातच उभी ऱ्हायली, आत येईना. म्हनली, "नंदा, मला मार, पर ऐकून घे." मी म्हनले, आगं बस तरी. ती बसंना. उभ्यानंच बोलली.

तुझं तात्या गेले त्या दिवशी सांजच्याला ती शेरडं आत घेत व्हती. शेवटची यष्टी खिंडीची चढन चढत व्हती, आवाज येत व्हता. धुकं गच्च. तेवढ्यात एक घडी धुकं फाटलं आन तिला गडाच्या मागल्या अंगाला, घोडसोंडंवर, उजेड दिसला. लाल. कुंकवाच्या बोटावानी, म्हनली. पापनी मिटंस्तवर व्हता, मग धुकं परत बसलं.

तिनं हाक मारली न्हाई. तुला ठाऊक हाय, डोंगराकडनं हाक आली तर पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाई, तिसरीला द्यायची. चकवा एकदाच बोलावतो, मानूस तीनदा बोलावतं. उजेडाचंबी वाडीवर तसंच धरत्यात. ती अंगनात उभी ऱ्हाऊन दुसऱ्यांदा दिसायची वाट बघत बसली. दिसला न्हाई. मग भ्याली, आन इतकं दिस बोलली न्हाई.

घोडसोंडंकडं कोनीच गेलं न्हवतं, पोरी. ती मानसं फुडल्या वाटंला चुकलीती, म्हनून समद्यांनी फुडंच शोधलं. मी भावजींना, तुझ्या आबांना, सांगितलं. तर ते म्हनले, "सारजाबाईला बैल आन यष्टी यातला फरक कळंना, आन तिला गडावरचा दिवा दिसला व्हय?" वसरीवरची मानसं हासली. मग भावजी आत निघून गेले.

तू आभाळातलं असलंच उजेड बघतीस. एकदाच दिसलेला उजेड खरा धरायचा का खोटा, एवढंच मला लिव. तू म्हनशील ते मी मानीन.

तुझी काकी


पुणे,
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय काकी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस विचार केला. तुला खोटं सांगायचं नाही, म्हणून जे शिकले तेच लिहिते.

एकदाच दिसलेल्या ठिणगीवर विश्वास ठेवायचा नाही, हा इथला माझा पहिला धडा होता. दुर्बिणीवर सतत काही ना काही आदळत असतं. सूर्याकडून येणारे कण, अवकाशातली धूळ, यंत्राचा स्वतःचा दोष. प्रत्येक वेळी पडद्यावर ठिपका उमटतो आणि प्रत्येक वेळी माझं काळीज उडतं. पहिल्या आठवड्यात मी आनंदाने ओरडले होते, तर अख्खी खोली हसली. त्यातले बहुतेक सगळे ठिपके खोटे असतात. जो पुन्हा दिसतो, तोच आम्ही पुढे नेतो.

सारजामावशी खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत आहे. पण धुकं, पाऊस, दमलेले डोळे, आणि नंतर कानावर आलेली बातमी. माणसाला मागून आठवतं ते नेहमी घडलेलं असतंच असं नाही. एका क्षणाच्या उजेडावर तू आशा बांधलीस तर ती तुला रोज नव्याने मोडेल. मला ते बघवणार नाही.

आपण विचाराने वागू या, काकी. आबा जे ठरवतील ते तुझ्या भल्याचंच असेल.

तुझी अपेक्षा


तिकोणा पेठ,
२४ ऑगस्ट

अपेक्षा,

तुझं पत्र या खेपेला भावजींच्या हातात पडलं. त्यांनी ते वसरीवर मोठ्यानं वाचलं. पाव्हनेरावळे बसले व्हते. "बघा, आपल्या घरातली शिकलेली पोरगी काय म्हनती," आसं म्हनून वाचलं. निम्म्यात त्यांनी कागद खाली ठिवला, मग उरलेलं ओंकारनं वाचलं. त्यांनाबी भाऊच गेलाय, मी त्यांना बोल लावत न्हाई.

तुझं वाचल्यावर गुरुजींना बोलावलं. तारीख ठरली. चौदा सप्टेंबर, रविवार. सर्वपित्रीच्या आत उरकायचं म्हंजे त्यांना पान वाढता येईल. गुरुजी पळसाच्या पानांचा मानूस करनार, त्याला ह्यांचं नाव घेऊन अग्नी द्यायचा, आन मग माझं कुंकू पुसायचं. कार्याच्या जेवनाची यादीबी झाली.

मी म्हनले, आधी घोडसोंड बघा, मग पानं जाळा. तर म्हनले, अपेक्षानं लिवलंय ते ऐकलं न्हाईस का?

तुझ्यावर राग न्हाई. तू म्हनशील ते मानीन आसं मीच लिवलं व्हतं. फकस्त एक गोष्ट. सारजाबाई म्हनली व्हती की उजेड लाल व्हता. ते तुझ्या पत्रात कुटंच आलं न्हाई.

काकी


पुणे,
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय काकी,

हे पत्र मी ओंकारच्या मित्राबरोबर हातोहात पाठवते आहे. तो कामशेतला उतरून थेट तुझ्याकडे देईल. आबांना वेगळं लिहिलं आहे. त्यात एकच गोष्ट आहे: माझा आधीचा शब्द मी परत घेते, तो धरून काही ठरवू नका.

कसं ते सांगते. काल सकाळी एक ठिपका आला. सहा-सात मिनिटांचा, आधी काही नाही, नंतर काही नाही. मी तो खोट्यांच्या रांगेत टाकला. तेजल मॅडम मागे उभ्या होत्या.

"का टाकलास?"

"एकदाच दिसलाय, मॅडम. परत दिसला तर बघू म्हटलं."

"परत?" त्या म्हणाल्या. "तारा फुटला असेल तर तो तुझ्यासाठी पुन्हा फुटणार आहे का?"

मी म्हटलं, पण तुम्हीच तर सांगितलं होतं. त्या खुर्ची ओढून बसल्या. "मी म्हटलं होतं की एकदा दिसला एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. खोटा म्हण, असं कधी म्हटलं? ठिपका मोठा करून बघ."

मोठा केला. काकी, यंत्रावर नुसता कण आदळला तर एक टिंब उमटतं. पण खरा किरण त्या झिंग्याच्या डोळ्यातून, चौकोनी नळ्यांच्या भिंतींवर आपटत आत येतो, त्यामुळे त्याची फुली होते, अधिकच्या चिन्हासारखी. या ठिपक्याला फिकट फुली होती. तो त्या डोळ्यातूनच आला होता.

"एकदाच आलेल्याला दोन प्रश्न विचारायचे," मॅडम म्हणाल्या. "तो कुठून आला याची काही खूण त्याच्या अंगावर आहे का? आणि त्याच वेळी, त्याच बाजूला दुसरं कोण बघत होतं? तू पुन्हा ये म्हणून त्याच्यासमोर बसून राहिलीस, तर आयुष्यभर बसशील."

मी तिथून उठले आणि जिन्यात जाऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू लिहिलं होतंस: लाल. कुंकवाच्या बोटासारखा. तीच त्या उजेडाच्या अंगावरची खूण होती, आणि मी ती वाचून पुढे गेले. शिवाय मला जे अर्धवट समजलं होतं ते मी पूर्ण समजल्यासारखं लिहिलं, आणि घराने ते मानलं, कारण ते माझं होतं. आपल्या घरात माझ्या शब्दाला एवढं वजन आहे हे मला माहीत नव्हतं. असतं तर आधी मॅडमना विचारून मगच लिहिलं असतं.

आता मला सांग. तात्यांची बॅटरी तर पांढऱ्या उजेडाची होती. लाल कशाने दिसेल? आणि त्या सांजेला घोडसोंडेच्या बाजूला तोंड करून आणखी कोण असेल? वाडीवरचं, धरणावरचं, तंबूवाल्यांकडचं, कुणीही. मी इथून एक धागा धरते. ज्या पाच जणांसाठी तात्या वर गेले, त्यांचा फोन आधी धरणाकाठी तंबू भाड्याने देणाऱ्या महिपतीदादांना आला होता. तो नंबर मी त्यांच्याकडून घेतला आहे.

तुझी अपेक्षा


तिकोणा पेठ,
२ सप्टेंबर

पोरी,

लाल कशानं दिसतो ते मला इचारलंस, बरं केलंस. मला वाटलं व्हतं समद्यांनाच ठाऊक हाय. तू शिकायला भाईर गेलीस त्याच्यामागनं तुझं तात्या वाटाडे झाले, तुला कुटून ठाऊक आसनार.

बॅटरीच्या काचेवर तळहात ठिवला की हाताच्या मासातनं उजेड लाल दिसतो. मानसं घेऊन निघायच्या आधी ते पायथ्याला समद्यांना उभं करून सांगायचे. "उघडा दिवा दाखवला तर या. लाल हात दाखवला तर हायेत तितंच थांबा, फुडं कडा हाय." शहरातली पोरं हासायची, म्हनायची, काका, सिग्नल हाय का! ते म्हनायचे, व्हय, हितं पोलीस मीच.

सारजाबाईला ह्यातलं काय ठाऊक न्हाई. ती गडाच्या वाटंनं कधी मानसं घेऊन गेली न्हाई. म्हनून तिनं लाल म्हनल्यावर मला वाटलं, हा ह्यांचाच हात. बाकीच्यांना सांगितलं तर म्हनले, तुझ्या मनाचं हाय.

आता मला एक कळत न्हाई. लाल म्हंजे थांबा. ती मानसं तर कवाच निघून गेलीती. मग हे कुनाला थांबवत व्हते?

भावजींनी तुझं पत्र वाचलं. घडी केली, खिशात ठिवलं. या खेपेला मोठ्यानं वाचलं न्हाई. तारीख हालवली न्हाई, पर जेवताना म्हनले, "चौदापत्तुर काय बघायचं ते बघा." पानात भात तसाच ठिवून उठले.

काकी


पुणे,
८ सप्टेंबर २०२५

प्रिय काकी,

ओंकारला फोनवर सगळं सांगितलं आहे आणि तो तुला सांगेलच. तरी तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तुला लिहूनच देणार आहे.

त्या पाच जणांतला एक प्रज्ञेश. इथेच पुण्यात नोकरी करतो. पहिल्यांदा मी फोन केला तेव्हा नाव ऐकून त्याने ठेवून दिला. दुसऱ्यांदा मी घाईने म्हटलं, "तुम्ही का निघून गेलात हे मला विचारायचं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता आणि कुठे बघत होता, एवढंच हवंय." मी कुठे काम करते ते त्याने विचारलं. मग म्हणाला, भेटतो.

आम्ही संस्थेबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटलो. माझ्याच वयाचा आहे. चहा तसाच गार झाला. म्हणाला, पोलिसांनी विचारलं तेवढं सांगितलं, त्यांनी याहून जास्त विचारलं नाही. गड उतरताना धुक्यातून एक हाक आली होती. "ओऽ पाव्हणं!" अशी. त्यांनी "ओ" दिली. मग एका मुलीला पायवाट दिसली, तिने ते खाली निघाले, आणि आपण ओ दिली होती हे खाली गाडीत बसेपर्यंत विसरून गेले. ज्या फोनवरून महिपतीदादांशी बोलले, त्याची बॅटरी संपली होती. महिपतीदादांना कळवायचं राहून गेलं.

काकी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तात्यांनी हाक मारली आणि त्यांना ओ मिळाली. माणसं आवाजाच्या मागे येत आहेत असं त्यांना वाटलं. ते कड्यापाशी पोचले होते, आणि मागे येणाऱ्यांना थांबवत होते. मागे कुणीही नव्हतं.

हे ऐकून मी त्याच्यावर ओरडेन असं मला वाटलं होतं. पण तो माझ्यापेक्षा जास्त रडत होता. मी म्हटलं, फोटो, व्हिडिओ, काही आहे का? त्याने त्याच रात्री सगळ्यांकडून मागवून पाठवले. लोणावळ्याकडे निघाल्यावर खिंडीच्या वळणावर ते धबधबा बघायला थांबले होते. त्यांच्यातल्या मुलीने काढलेल्या व्हिडिओत शेवटची एस.टी. बाजूने चढत जाते. ती गेल्यावर मागचं धुकं सरकतं, गडाची मागची बाजू दिसते, आणि कोपऱ्यात एक लाल ठिपका आहे. डोळ्याची पापणी मिटेपर्यंत. त्या मुलीने तो कधी पाहिलाच नव्हता. ती धबधबा बघत होती.

तीच एस.टी., काकी. सारजामावशी म्हणाल्या होत्या, शेवटची यष्टी चढण चढत होती. त्यांना बैल आणि यष्टीतला फरक चांगला कळतो, हे आबांना सांग. नको, मीच सांगेन.

मॅडम रविवार असूनही नकाशा घेऊन माझ्याबरोबर बसल्या. एक रेघ सारजामावशींच्या अंगणातून काढली, एक रस्त्याच्या वळणावरून. घोडसोंडेच्या घळीच्या तोंडाशी दोन्ही एकमेकींना छेदतात. आम्ही ताऱ्यांची जागा अशीच शोधतो. लोणावळ्याच्या मुलांना मी व्हिडिओ आणि नकाशा दोन्ही पाठवलं. शुक्रवारी ते दोर घेऊन येत आहेत, सारजामावशींचा मुलगा कोंडूदादा वाट दाखवेल. मी गुरुवारी येते.

तात्या जिवंत सापडतील असं मी तुला लिहू शकत नाही. इतकंच लिहिते की आपण आता योग्य ठिकाणी बघणार आहोत.

तुझी अपेक्षा


तिकोणा पेठ,
२४ सप्टेंबर

पोरी अपेक्षा,

ह्यांना खाली आनल्यावर तू तिसऱ्या दिवशी निघालीस, बरं झालं. घरात पाव्हन्यांची गर्दी लय व्हती, आपल्या दोघींचं बोलनं झालंच न्हाई.

तू गेल्यावर लोनावळ्याची दोन पोरं परत आलीती. ह्यांची बॅटरी पोलिसांनी सोडली, ती द्यायला. मी म्हनले, तितं काय दिसलं ते सांगा, मला बाईमानूस म्हनून झाकू नका. मग थोरला बोलला.

हे कड्यावरनं पडून खालच्या टप्प्यावर व्हते, कारवीच्या जाळीत. पाय मोडला व्हता. पर बॅटरी त्यांच्यापाशी न्हवती. वर हात पोचंल तेवढ्या उंचीवर, दगडाच्या फटीत खोचली व्हती, वाटंकडं तोंड करून. आन काचेवर फडकं बांधलं व्हतं. त्यानं ते फडकं माझ्या हातात दिलं. पानी बसून पार इरलंय, तरी मी वळखलं. सकाळी भाकरी बांधून दिलेलं माझं लाल फडकं. हात किती येळ वर धरनार? म्हनून फडकं बांधलं आसंल.

म्हंजे उजेड एकदाच दिसला आसं न्हाई, पोरी. उजेड सेल उतरंस्तवर व्हता. धुकं तेवढं एकदाच उघडलं.

पानांचा मानूस लागला न्हाई. भावजींनी आपल्या भावाला आपल्या हातानं अग्नी दिला. कुंकू मी माझ्या हातानं पुसलं, कुनाला हात लावू दिला न्हाई. बायका म्हनल्या, आशी रीत न्हाई. म्हनले, आता झाली.

सर्वपित्रीला पान वाढलं. भावजी सोता वर वाडीवर गेलते, सारजाबाईला जेवायला बोलवायला. आली न्हाई. दार लावून घेतलं म्हनं. भावजी लय येळ तितं दाराशी बसून व्हते.

प्रज्ञेश नावाचा पोरगा कार्याला आला व्हता. लांब उभा व्हता. मी त्याला जेवल्याबिगर सोडलं न्हाई.

तुझ्या त्या ठिपक्याचं काय झालं?

काकी


पुणे,
१ ऑक्टोबर २०२५

प्रिय काकी,

तुझं पत्र मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. मॅडमनाही नाही.

ठिपक्याचं विचारलंस. जगभरातल्या ज्या दुर्बिणी त्या वेळी वर होत्या, त्या सगळ्यांना आम्ही विचारलं. एकीच्या आणि त्या जागेच्या मधे पृथ्वी होती. एक दुसरीकडे वळलेली होती. एक बंद होती. त्या सहा-सात मिनिटांत त्या बाजूला आमच्याशिवाय कुणीच बघत नव्हतं. नंतर मोठ्या दुर्बिणीने तिथे पाहिलं तेव्हा काहीच उरलं नव्हतं. कुठला तारा, किती दूर, हे आता कधीच कळणार नाही.

मला वाटलं, मग नोंद खोडायची. मॅडम म्हणाल्या, "का? फुली आहे ना? एकाच साक्षीदाराची नोंद, असं स्पष्ट लिही आणि राहू दे." मी तसंच लिहिलं. या कामात लिहिलेली ती माझी पहिली नोंद.

आता प्रत्येक ठिपका मी मोठा करून बघते. त्याने माझं काम सावकाश होतं, आणि त्यावरून बोलणीही बसतात. बसू देत.

सारजामावशींना माझा नमस्कार सांग. त्यांनी पाहिलं नसतं तर प्रज्ञेशला काय विचारायचं हे मला कळलंच नसतं. हे त्यांना पटेल असं तूच सांगू शकशील.

तुझी अपेक्षा


तिकोणा पेठ,
९ ऑक्टोबर

पोरी,

सारजाबाईला तुझा निरोप सांगायला मीच वर गेले. दार उघडंच व्हतं. दिवेलागन झालीती. ती अंगनात गडाकडं तोंड करून उभी.

पाऊस गेलाय, आता गडावर शनवार-रविवार लोकांची रीघ आसती. सांजच्याला उतरताना त्यांच्या बॅटऱ्या चमकत्यात. येक चमकली की सारजाबाई दोन्ही हात तोंडाशी धरून "ओऽऽ" करती. दुसरी चमकली की परत. वाडीतली पोरं हासत्यात. "आजे, ते मोबाईल हायेत गं!" म्हनत्यात. कोंडू म्हनला, "काकू, माझ्या आईला तुमी तरी समजवा, रोज घसा बसतो तिचा."

मी तिला तुझा निरोप सांगितला. तिनं ऐकून घेतला. नजर गडावरनं काढली न्हाई.

तेवढ्यात मागल्या अंगाला, घोडसोंडंच्या वर, येक उजेड दिसला. पांढराच व्हता. कुनी वाट सोडून गेलं आसंल. सारजाबाईचा घसा बसलेला, तिचा आवाज निघंना. तिनं माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्यांदा दिसायची वाट बघितली न्हाई पोरी. मी पदर खोचला आन जोरात ओ दिली.

तुझी काकी